खुर्ची लोकांची, दोरी पक्षाची

निवडणूक संपली, गुलाल उधळला, मिरवणूक निघाली की आपल्याला वाटते, आता आपला माणूस खुर्चीवर बसला. रस्ता होईल, नळाला पाणी येईल, नालीचे अडलेले काम सुटेल. सहा महिने जातात, नाली तशीच असते. मग कोणीतरी सांगतो, "अध्यक्षांच्या मनात आहे हो, पण वरून होकार आला नाही." हे 'वर' म्हणजे नेमके कुठे? भोपाळला, दिल्लीला, की गावातल्याच एखाद्या बैठकीत? निवडून द्यायचे आपण आणि होकार द्यायचा तिसऱ्याच कोणी, हा काय प्रकार आहे?

राज्यशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. माझ्या वर्गात सौंसर, मोहगाव, लोधीखेडा, पांढुर्णा अशा ठिकाणची मुले-मुली असतात. अभ्यासक्रमात राष्ट्रपतींचे अधिकार, मुख्यमंत्र्यांचे अधिकार, नगरपालिका अध्यक्षांचे अधिकार अशी ओळीने प्रकरणे आहेत. मुले ती पाठ करतात, गुणही मिळवतात. पण अधिकार कागदावर असतात आणि तिकीट पक्षाच्या हातात असते, या दोहोंमध्ये काय होते ते त्या प्रकरणांत नसते. ते इतिहासात सापडते. आणि नवल म्हणजे हा इतिहास फार दूरचा नाही, आपल्याच जुन्या प्रांतातला आहे.

आपला जुना प्रांत

आज जामसांवली पांढुर्णा जिल्ह्यात आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत आपण छिंदवाडा जिल्ह्यात होतो. पण १९५६ पूर्वी आपली राजधानी भोपाळ नव्हती, नागपूर होती. मध्यप्रांत व वऱ्हाड असा तो मोठा प्रांत. एका बाजूला जबलपूर, रायपूरकडचा हिंदी भाषक महाकोशल, दुसऱ्या बाजूला नागपूर आणि वऱ्हाडचा मराठी मुलूख. दोहोंच्या शिवेवर, सातपुड्याच्या घाटाखाली, आपली मराठी बोलणारी सौंसर तहसील. काँग्रेस पक्षाच्याही या एकाच प्रांतात तीन वेगळ्या प्रांतिक समित्या होत्या : महाकोशल, नागपूर आणि विदर्भ. घर एक आणि चुली तीन म्हटल्यावर धूर व्हायचाच.

१९३७ च्या निवडणुकीत या प्रांताच्या विधानसभेतील ११२ जागांपैकी ७० जागा काँग्रेसला मिळाल्या. जुलैमध्ये मंत्रिमंडळ बनले आणि नागपूरचे नामांकित डॉक्टर नारायण भास्कर खरे प्रांताचे प्रधानमंत्री झाले. (त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही प्रधानमंत्रीच म्हणत.) त्यांच्या मंत्रिमंडळात महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता होते. मराठी भागातून रामराव देशमुख आणि पु. बा. गोळे होते.

वर्ष उलटण्याआधीच मंत्र्यांचे आपसात पटेनासे झाले. मे १९३८ मध्ये पचमढीला सरदार पटेलांच्या समक्ष समेट झाला. तो दोन महिनेही टिकला नाही. डॉ. खरे यांना वाटले, मी प्रधानमंत्री आहे, माझे सहकारी मी निवडीन. संसदीय पद्धतीचा नियम पाहिला तर यात चूक काही नव्हते. प्रधानमंत्र्याने राजीनामा दिला की मंत्रिमंडळ संपते आणि तो नवे बनवू शकतो.

२० जुलै १९३८ रोजी खरे, गोळे आणि देशमुख यांनी राजीनामे दिले आणि बाकीच्यांकडेही मागितले. शुक्ल, मिश्र आणि मेहता म्हणाले, पक्षाच्या वरिष्ठांनी सांगितल्याशिवाय आम्ही देणार नाही. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी रातोरात त्या तिघांना बडतर्फ केले आणि दुसऱ्या दिवशी खऱ्यांचे नवे मंत्रिमंडळ शपथ घेऊन मोकळे झाले. त्यात अग्निभोज या दलित सदस्याचाही समावेश होता. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काँग्रेसवरील आपल्या ग्रंथात या गोष्टीची आवर्जून दखल घेतली.

हे मंत्रिमंडळ जेमतेम दोन-तीन दिवसांचे ठरले. डॉ. खऱ्यांना वर्ध्याला बोलावणे आले. विधानसभेत त्यांच्याविरुद्ध कोणी अविश्वासाचा ठराव आणला नव्हता, मतदारांनी तक्रार केली नव्हती. तरी २३ जुलैला त्यांना राजीनामा द्यावा लागला. २६ जुलैला वर्धा येथे काँग्रेस कार्यकारिणीने ठराव करून त्यांना बेशिस्तीबद्दल दोषी ठरवले. गव्हर्नरांनी दाखवलेल्या घाईवरही त्या ठरावात ताशेरे होते. महिना संपण्याआधी रविशंकर शुक्ल नेतेपदी आले. डॉ. खऱ्यांनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली, पण पक्षाचे दार त्यांना बंद झाले. पुढे १९४३ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि नंतर हिंदू महासभेत. शुक्लजी मात्र १९५६ मध्ये नव्या मध्यप्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले.

नागपूरच्या मराठी माणसाला त्या वेळी वाटले, हा महाकोशलने केलेला घात आहे. पुष्कळ घरांत ही गोष्ट अजूनही अशीच सांगितली जाते. पण केवळ हिंदी-मराठीच्या चष्म्यातून पाहिले तर यातला मोठा धडा हातून निसटतो. डॉ. खऱ्यांनी पक्षाच्या संसदीय समितीला अंधारात ठेवले आणि ज्या इंग्रजी राज्याविरुद्ध पक्ष लढत होता त्याच राज्याच्या गव्हर्नरकडे रात्री धाव घेतली, हेही खरे होते. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिताना पक्षाची बाजू स्पष्ट केली. त्यांच्या मते काँग्रेस ही साम्राज्याशी झुंजणारी संघटना होती आणि लढणाऱ्या सैन्यात प्रत्येक तुकडीने आपापल्या मर्जीने चालून भागत नाही. उलट रेजिनाल्ड कूपलंड यांच्यासारख्या इंग्रज अभ्यासकाने आक्षेप घेतला की, अशाने प्रांताचे मंत्री आपल्या विधानसभेला जबाबदार न राहता पक्षश्रेष्ठींना जबाबदार राहतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि दोन्ही एकाच वेळी खरी आहेत, हीच तर अडचण आहे.

बांधणारा हातही बांधला जातो

आता या गोष्टीचा दुसरा भाग. वर्ध्याच्या त्या बैठकीत काँग्रेसच्या अध्यक्षपदावर कोण होते? सुभाषचंद्र बोस. हरिपुरा अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून तेव्हा ते पक्षाचे प्रमुख होते. डॉ. खऱ्यांना शिस्तीचा चाप बसला तो त्यांच्याच अध्यक्षतेखाली.

सहाच महिने गेले. २९ जानेवारी १९३९ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. सुभाषबाबू दुसऱ्यांदा उभे राहिले. गांधीजी आणि कार्यकारिणीतील बडे नेते पट्टाभी सीतारामय्या यांच्या बाजूने होते. प्रतिनिधींनी मते दिली : सुभाषबाबूंना १५८० आणि पट्टाभींना १३७७. उघड, चुरशीची लढत आणि स्वच्छ निकाल. गांधीजींनी पट्टाभींचा पराभव हा आपलाच पराभव असल्याचे जाहीर केले. फेब्रुवारीत कार्यकारिणीच्या बहुतेक सभासदांनी राजीनामे दिले. अध्यक्ष निवडून आला, पण त्याच्यासोबत काम करायला कोणी राहिले नाही.

मार्च १९३९ मध्ये त्रिपुरीला अधिवेशन भरले. त्रिपुरी म्हणजे जबलपूरजवळ, पुन्हा आपल्याच प्रांतात. हे बावन्नावे अधिवेशन म्हणून बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली, पण अध्यक्ष स्वतः तापाने फणफणलेले. स्ट्रेचरवरून त्यांना मंडपात आणले. त्यांचे भाषण त्यांचे बंधू शरदचंद्र यांनी वाचून दाखवले. त्याच अधिवेशनात गोविंद वल्लभ पंत यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला : अध्यक्षांनी आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी.

बारकाईने पाहा. ठरावाने अध्यक्षाला काढले नाही. त्याचे पद गेले नाही, मानही गेला नाही, हत्तीची मिरवणूकही झाली. फक्त सहकारी निवडण्याचा अधिकार त्याच्या हातातून काढून घेतला. गांधीजींनी नावे सुचवली नाहीत, अध्यक्षाने स्वतःच नेमावी असे ते म्हणाले. अध्यक्षाने स्वतः नेमावी तर ठराव मोडतो, न नेमावी तर काम होत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. २९ एप्रिल १९३९ रोजी कलकत्त्यात सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. मेच्या सुरुवातीला त्यांनी फॉरवर्ड ब्लॉक काढला आणि ऑगस्टमध्ये पक्षाने त्यांना तीन वर्षे कोणत्याही निवडून येण्याच्या पदास अपात्र ठरवले.

डॉ. खरे आणि सुभाषबाबू, दोघांच्या विचारांत आणि स्वभावांत जमीन-अस्मानाचा फरक. दोघे अडले मात्र एकाच जागी. माझे सहकारी मी निवडणार, हे म्हणण्यापाशी. आणि जुलै १९३८ मध्ये जी दोरी एकाला आवळली, तीच दोरी एप्रिल १९३९ मध्ये आवळणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाच्याच गळ्याशी आली. पक्षाची शिस्त आज आपल्या विरोधकाला बांधते म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे नऊ महिने लक्षात ठेवावेत.

माहेर आणि सासर

मागे आमच्या शेजारच्या आजींना मी ही गोष्ट सोपी करून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "यात काय नवल हाये बाई? पोरगी आपल्याच घरची, पन एकदा दिली का ते सासरच्याइच्या मर्जीनंच चालते." मी चकितच झाले. माहेर मतदारांचे, सासर पक्षाचे! लाडाने वाढवणारे, वाजतगाजत पाठवणारे आपण, आणि रोजचा हुकूम मात्र दुसऱ्या घराचा. सण आला की माहेरी येणार, ओटी भरून घेणार, रडणार-हसणार आणि दुसऱ्या दिवशी परत. पाच वर्षांनी येणारा आपला नेता याहून वेगळा काय करतो?

पण आजींच्या म्हणण्याला मला एक जोड द्यावीशी वाटते. पूर्वीचे सासर आता राहिलेले नाही. आज मुलगी देताना आपण विचारतो, तिला नोकरी करू द्याल ना, तिचा पगार तिच्या हातात राहील ना. लग्नाआधी हे विचारणे आता कोणाला वावगे वाटत नाही. मग मत देण्याआधी विचारायला काय हरकत आहे?

दोरी कापली तर?

यावर काही वाचक म्हणतील, मग पक्षच नको. दोरीच कापून टाका. हे बोलायला सोपे आहे. दोरी कापल्याचे अनुभवही आपल्या राज्याने घेतले आहेत.

१९३८ मध्ये पक्षाच्या आज्ञेशिवाय राजीनामा देणार नाही असे बाणेदारपणे सांगणारे द्वारकाप्रसाद मिश्र १९६७ मध्ये मध्यप्रदेशचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच पक्षाचे छत्तीस आमदार गोविंद नारायण सिंह यांच्यासोबत बाहेर पडले आणि जुलैमध्ये सरकार कोसळले. मार्च २०२० मध्ये बावीस आमदारांनी राजीनामे दिले आणि छिंदवाड्याचे आमदार असलेले मुख्यमंत्री कमलनाथ यांना पद सोडावे लागले. मत एका चिन्हाला दिले आणि सरकार दुसऱ्याच चिन्हाचे आले, हे मतदारांनी दोन्ही वेळा पाहिले. कारणे कोणाची खरी, कोणाची खोटी, यात मी इथे शिरत नाही. सांगायचे इतकेच की पक्षाची दोरी अगदीच सैल झाली तरी मतदाराचे मत वाऱ्यावर जाते. म्हणून तर १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला. धरले तर चावते आणि सोडले तर पळते, अशी ही गत.

काही खुर्च्या अशा आहेत की जिथे दोरी कापलेलीच बरी. सभागृहाचा अध्यक्ष हा पंच असतो. ब्रिटनमध्ये हाउस ऑफ कॉमन्सचा स्पीकर निवडून आला की पक्ष सोडतो. आपल्याकडे १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर पक्षाचे सभासदत्व सोडले होते. २००८ मध्ये सोमनाथ चटर्जी यांनी पक्षाचे सांगणे ऐकून लोकसभेचे अध्यक्षपद सोडण्यास नकार दिला, तेव्हा त्यांच्या पक्षाने त्यांनाच काढून टाकले. ते मात्र खुर्चीवर शेवटपर्यंत राहिले. पंचाला पक्ष नसला तर खेळ सुधारतो. पण मुख्यमंत्री किंवा नगरपालिकेचा अध्यक्ष हा पंच नाही, तो खेळाडू आहे. त्याला संघ लागतोच. प्रश्न एवढाच की संघाने त्याला किती बांधावे आणि ते आपल्याला दिसावे की नाही.

आपल्या नगरपालिकेची खुर्ची

गावाच्या सरपंचाची निवडणूक आपल्याकडे पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कोण कोणाचा हे सगळ्या गावाला माहीत असते ते वेगळे. नगरपालिकेत मात्र चिन्ह असते, तिकीट असते आणि तिकिटासोबत दोरी येते.

अध्यक्ष कोणी निवडावा, हा नियमही आपल्याकडे सारखा फिरत राहिला आहे. बरीच वर्षे मध्यप्रदेशात नगरपालिकेचा अध्यक्ष थेट लोक निवडत. २०१९ मध्ये एका पक्षाच्या सरकारने हा अधिकार पार्षदांकडे दिला. २०२२ च्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षाच्या सरकारने महापौर थेट लोकांकडून निवडला, पण नगरपालिका आणि नगर परिषदांचे अध्यक्ष पार्षदांनीच निवडले. २०२५ मध्ये पुन्हा बदल झाला आणि २०२७ पासूनच्या निवडणुकांत अध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा असे ठरले. शेजारच्या महाराष्ट्रातही नगराध्यक्षाबाबत २०१६, २०२० आणि २०२२ असे तीनदा पारडे फिरले. प्रत्येक वेळी कारण लोकशाहीचे दिले गेले. प्रत्येक वेळी दोरी कोणाच्या हाती राहणार हाही विचार त्यामागे होताच, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

थेट निवडलेला अध्यक्ष मोकळा असतो का? तोही पूर्ण मोकळा नसतो. त्याला आपली परिषद, म्हणजे प्रेसिडेंट-इन-कौन्सिल, पार्षदांमधूनच बनवावी लागते. बजेट पार्षदांच्या बैठकीत मंजूर व्हावे लागते. सीएमओ राज्य सरकारचा अधिकारी असतो. मोठ्या कामाचा निधी भोपाळहून येतो. अध्यक्ष एका पक्षाचा आणि पार्षदांचे बहुमत दुसऱ्याचे असले की त्रिपुरीचा खेळ लहान पडद्यावर सुरू होतो. मिरवणूक होते, मान असतो, पण सोबतीला कोणी नसते.

आपल्या राज्याच्या कायद्यात एक गोष्ट मात्र वेगळी आहे. थेट निवडून आलेल्या अध्यक्षाला परत बोलावण्याची सोय यात आहे. तीन चतुर्थांश पार्षदांनी मागणी केली की लोक गुप्त मतदान करतात. चिन्हे दोनच : भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. या शतकाच्या सुरुवातीला अनूपपूरच्या मतदारांनी रिकामी खुर्ची निवडून दाखवली होती. म्हणजे अध्यक्षाला काढण्याची सुरुवात पार्षदांनी, पर्यायाने पक्षांनी करायची आणि शेवटचा निर्णय लोकांनी द्यायचा. १९३८ मध्ये डॉ. खऱ्यांच्या बाबतीत वर्ध्यात जे बंद दाराआड झाले, ते निदान इथे मतपेटीपर्यंत तरी येते.

नारळ फोडण्याआधी

आमच्या जामसांवलीला पिंपळाखाली पहुडलेला मारुती आहे. निवडणूक जवळ आली की सर्वच पक्षांचे उमेदवार दर्शनाला येतात. शनिवार-मंगळवारच्या गर्दीत नारळ फुटतात, गळ्यात हार पडतात, भाविकांना हात जोडले जातात. देव कोणाचा पक्ष विचारत नाही. ते काम आपले आहे.

माझे सांगणे इतकेच आहे. पक्ष असण्यात पाप नाही. मोठी कामे, मोठी धोरणे एकट्या माणसाने होत नाहीत आणि दिलेल्या शब्दाला बांधून ठेवणारा कोणीतरी असावाच लागतो. पक्षाच्या जाहीरनाम्याने अध्यक्ष बांधला गेला तर ते आपल्याला मान्य असावे, कारण तो जाहीरनामा वाचूनच आपण मत दिलेले असते. पण कोणत्या वार्डात नळ आधी जाईल, ठेका कोणाला मिळेल, परिषदेत कोण बसेल, हे मतदारांनी न निवडलेला माणूस बंद खोलीत ठरवत असेल, तर ती दोरी वेगळी. पहिली दोरी सगळ्यांना दिसते, दुसरी लपवलेली असते. आणि लपवलेली दोरीच घातक असते.

म्हणून येत्या निवडणुकीत दारात येणाऱ्या उमेदवाराला तीन प्रश्न जरूर विचारा. एक, तुमच्या परिषदेतील माणसे तुम्ही ठरवाल की तुमच्यासाठी कोणी ठरवेल? दोन, वार्डाचे हित आणि पक्षाचा हुकूम आमनेसामने आले तर काय कराल, आणि ते आम्हाला उघडपणे सांगाल का? तीन, आरक्षित जागेवर बाई निवडून आली तर बैठकीत तीच बोलेल की तिचे यजमान? (घरची दोरीही पक्षाच्या दोरीइतकीच पक्की असते, हे आम्हा बायकांना वेगळे सांगायला नको.)

उत्तरे गुळमुळीत येतील. येऊ द्या. चार घरांत तेच प्रश्न विचारले गेले की पाचव्या घरी उमेदवार तयारी करून येतो. डॉ. खऱ्यांना कोणी विचारले नाही, सुभाषबाबूंच्या बाजूने मत देणाऱ्या १५८० प्रतिनिधींनाही नंतर कोणी विचारले नाही. आपल्याला मात्र विचारण्याची सोय आहे, आणि ती मत देण्याच्या आधीच असते.